चोळीचा सवाल

(मुरुडमागच्या डोंगरउतारावरचं गाव. सकाळची वेळ, शकूच्या घराची मागची पडवी. शकू चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे. तिचा धाकटा दीर, शाहीर विठोबा, उंबऱ्यावर बसला आहे. त्याची बायको केसर नारळ खवते आहे.)

विठोबा : गण बसला, गौळण बसली, नाचणाऱ्या पोरांची पावलं पण बसली. आता तेवढा जवाब द्या वयनी. दोन ओळींचं काम.

शकू : काम दोन ओळींचंच हाय भावजी. पण करायचं न्हाय मला.

विठोबा : म्हंजे? बरं वाटत न्हाय काय?

केसर : लॉजवरल्या पावण्यांच्या भाकऱ्या थापतेय ती उजाडल्यापास्नं. बरं न वाटायला वेळ कुठाय तिला?

विठोबा : तू खोबरं खव. वयनी, ऐका. रविवारी म्हसळ्याला सामना हाय. आपण शक्तीवाले, तो ओंकार तुरेवाला. मागल्या सामन्यात अगदी शेवटाला, भर सभेत सवाल टाकून गेलाय. त्याचा जवाब ह्या सामन्यात, त्याच चालीत द्यावा लागतो. न्हाय दिला तर हार. तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय.

शकू : हे मला सांगताय? तुमच्या एकेका जवाबापायी मीच डोकं शिणवलंय. तुमचे दादा होते तवा ते ढोलकी शेकायच्या निमित्तानं मंडपाबाहेर यायचे. मी चहावाल्याच्या शेगडीपाशी बसलेली. त्यांच्या कानात मी कडवं घालायचं, त्यांनी ते तुमच्या कानात. ते गेले न् फोन आला. आता मोरीत जाऊन फोनात कडवं भरून धाडते. तुम्ही ऐकता न् लगेच पुसून टाकता.

विठोबा : मग? कधी अडलं काय आपलं?

शकू : कधीच न्हाय अडलं. म्हणून तर आज अडवतेय.

केसर : घ्या!

विठोबा : ह्यात हसण्यासारखं काय हाय?

केसर : मी कुठं हसले? नारळ हसला.

शकू : सवाल म्हणा बघू एकदा. चालीवर.

विठोबा : हां! आता कशा मुद्द्यावर आलात. ऐका.
सांग शाहिरा, तुझ्या उराची चोळी कधि रे भिजली?
कुण्या बाईची वाणी तुझ्या ओठांवरती सजली?
कालचं पोर! मिशी धड फुटली न्हाय अजून. आणि मला, शाहीर विठोबाला, विचारतंय चोळी कधी भिजली. मंडपात नुसता हशा. शिट्ट्या. आमची ढोलकीवाली पोरं पण मान खाली घालून खुदुखुदू हसत होती.

शकू : पोर हुशार हाय पण. कान चांगलाय त्याचा.

विठोबा : त्याचं कौतुक करताय?

शकू : पंचवीस वर्षांत कुणाला कळलं न्हाय ते त्याला एका गौळणीत कळलं. कौतुक नको करू?

विठोबा : खरं बोलू का वयनी? रागवू नका. चूक तुमचीच झाली. गौळणीत ती ओळ घालायला नको होती. "दही विकाया गेले बाजारी, तान्हे ठेवुन घरी गं, पोर रडले परक्याचे अन् चोळी भिजली उरी गं." गाताना मलाच कसंतरी झालं. दुसऱ्याचं पोर रडलं तर हिची चोळी कशाला भिजेल? मला वाटलं, गाण्यात चालतं असलं. पण खाली बसलेल्या बाया एकदम गप झाल्या. तेच त्यानं हेरलं. पुरुषाच्या तोंडी शोभेल असं लिहायला पायजे होतं तुम्ही.

शकू : पंचवीस वर्षं पुरुषाच्या तोंडी शोभेल असंच लिहिलं. एकदा विसरले.

केसर : आणि भिजते हो. दुसऱ्याचं पोर रडलं तरी भिजते. आमची मनाली अंगावर पीत होती तवा भातलावणीत शेजारणीचं पोर रडलं न् माझं लुगडं ओलं. तुम्ही म्हणालात, चिखल लागला काय. आठवतंय?

विठोबा : मला काय ठाऊक बायकांचं!

केसर : तेच तर त्यानं विचारलंय.

विठोबा : बरं बाबा, झालं ते झालं. आता झाकायचं कसं ते बघा. वयनी, तुम्हाला काय अशक्य हाय? त्या पोराला असा जवाब द्या की परत कुणाची छाती होणार न्हाय विचारायची. कवीला काय, सगळंच सुचतं, बाईचं पण न् बाप्याचं पण, असं कायतरी.

शकू : माझ्या मनात आलेलं सांगू तुम्हाला, तो सवाल झाला तवाचं?

विठोबा : सांगा.

शकू : त्या दिवशी मी पण आलेले, बायांत बसलेले. मंडप हसत सुटला. माझ्या शेजारी त्या गावची कुणी बाई होती, ती हसून हसून माझ्या मांडीवर थापा मारत होती. मी पण हसले तिच्यासंगं. काय करणार? गप बसले असते तर तिनं तोंडाकडं बघितलं असतं.

विठोबा : सभा म्हटली की हशा होणारच.

शकू : होऊ दे ना. मी का अडवतेय? पण ती ओळ मी बसून रचलेली न्हाय भावजी. माझी पहिली मुलगी गेली, त्याच्यानंतर तुमच्या दादांनी मला मुरुडला नेलं डाक्तरकडं. परत येताना यष्टी स्टँडवर बसलेलो. बाकड्यावर एक कोळीण होती, तिच्या टोपलीशेजारी तिचं पोर झोपलेलं. ते उठलं न् रडलं. आणि माझी चोळी भिजली. पुढनं सगळी. दादांनी त्यांचा टावेल दिला अंगावर घ्यायला. गाण्यात मी त्या बाईचं तान्हं घरी ठेवलं. माझं घरी पण नव्हतं.

केसर : आक्का...

शकू : रडू नकोस गो. खोबऱ्यात पडेल.

विठोबा : हे... हे तुम्ही कधी बोलला न्हायत.

शकू : कुणाशी बोलू? म्हणून गाण्यात घातलं. इतकी वर्षं तुमच्यासाठी देव लिहिले, राक्षस लिहिले, त्या तुरेवाल्यांची फजिती लिहिली. एक ओळ माझी लिहिली. आणि आता तुम्ही म्हणताय ती पण मी लिहिली न्हाय असं मीच लिहून द्यायचं. ते होणार न्हाय माझ्याच्यानं.

विठोबा : तुमचं दुखणं मला कळतं वयनी. पण सभेला कळत न्हाय. सभेला जवाब लागतो.

शकू : जवाब हाय की माझ्याकडं.

विठोबा : हाय?

शकू : त्याच रात्री गाडीत बसल्या बसल्या जुळला. ऐकायचाय?
शब्दांची रे बाळे माझ्या कुशीत जेव्हा निजली,
कवी जाहला माय तयांची, तेव्हा चोळी भिजली!

विठोबा : आहाहा! अगं आई गं! वयनी, पाय द्या. "कवी जाहला माय तयांची." कधी भिजली विचारतोस काय, घे, तेव्हा भिजली! मेला तो. जाग्यावर मेला. मग इतका वेळ छळत का होतात?

शकू : चांगला झालाय ना?

विठोबा : चांगला? मंडप डोक्यावर घेतील.

शकू : मग घ्या. कानावर पडलाय तुमच्या, पाठ पण झाला असणार. म्हसळ्याला जा न् गा. मी तुमचा हात धरायला येणार न्हाय. फक्त एवढंच, की त्याच्यापुढचं गाणं तुमचं तुम्ही जुळवायचं. गण पण, गौळण पण, जवाब पण. माझ्याकडनं परत एक अक्षर मिळायचं न्हाय.

विठोबा : धमकी देताय?

शकू : भाकरी फुगली, थांबा. धमकी कसली? सांगतेय. तुम्हाला दोन वाटा हायत. हा जवाब गायचा, टाळ्या घ्यायच्या, आणि माझं लिहिणं संपलं. न्हायतर खरा जवाब द्यायचा. शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं, तिथं माझं नाव यायला पायजे. ह्या गाण्यापास्नं पुढं प्रत्येक गाण्यात.

विठोबा : वयनी, पंचवीस वर्षं बोर्डावर शाहीर विठोबा लिहिलंय. दिवाळीनंतर मुंबईच्या हॉलला सामना ठरलाय. मंडळाचे लोक विचारतील, मग हा काय करतो? नुसता तोंड हलवतो?

शकू : तोंड का? गळा तुमचा. चाल तुमची. पाऊस आला तरी माणसं जाग्यावरनं उठत न्हायत ती तुमच्या आवाजापायी. ते मी मागत न्हाय. मला शाहीर म्हणू नका. माझा गळा चुलीपुढं बसून गेलाय, मला उभं ऱ्हावून गायचं पण न्हाय. मला लिहायचंच हाय. पण माझ्या नावानं.

विठोबा : दादानं शपथ घातलेली. पहिलं गाणं त्यानंच आणून दिलं मला. म्हणाला, घरातलं हाय, बाहेर जायला नको. बाईनं लिहिलंय कळलं तर मंडळ गायला देणार न्हाय.

शकू : तवा दिलं नसतंच. मीच म्हटलेलं दादांना, असं सांगा म्हणून. ते मंडळ आता हाय कुठं? निम्मे गेले, निम्मे विरारला ऱ्हातात. आता तुमच्या मंडळात कोण हाय? आपलीच पोरं. ढोलकीला रितेश, बेंजोवर पियूष. ती तुम्हाला काढतील?

केसर : त्यांना तर कधीचं माहीत हाय.

विठोबा : काय?

केसर : अहो, तुमच्या फोनात आक्काचा निरोप येतो, मागं भांड्यांचा आवाज, न् दहा मिनिटांत तुम्हाला कडवं सुचतं. पोरं आंधळी हायत काय? मान राखतात म्हणून बोलत न्हायत.

विठोबा : म्हंजे मीच एकटा लपवत होतो?

केसर : तुम्ही न् तुमचा फेटा.

विठोबा : बरं, पोरांचं सोडा. लोकांचं काय? वयनी, तुम्ही विधवा, मी दीर. उद्या कुणी वाकडं बोललं, ह्यांचं काय नातं म्हणून, तर? तुम्हालाच त्रास व्हायचा. मी तुमच्यासाठीच बोलतोय.

केसर : माझ्यासाठी न्हाय बोललात?

विठोबा : तुझ्यासाठी पण.

केसर : मग मी सांगते. म्हसळ्याला मी पुढच्या रांगेत बसते, आक्काच्या शेजारी. चांगली नथ घालून. कुणाला वाकडं बोलायचंय त्यानं माझ्या तोंडावर येऊन बोलावं. आधी मी त्याला गौळण म्हणून दाखवते माझी. झालं? तेवढं कारण गेलं. दुसरं काढा.

शकू : काढा भावजी. सगळी काढा. आज दुपारपर्यंत भाकऱ्याच करायच्या हायत मला.

विठोबा : तुम्ही दोघी ठरवून बसलायत.

शकू : काय ठरवलेलं न्हाय. तिला मी आज पहिल्यांदा सांगितलं, तुमच्यासमोर. एक विचारू का पण? सामन्यात तुमची बाजू कुठली?

विठोबा : हे काय विचारणं झालं? शक्ती.

शकू : म्हंजे काय?

विठोबा : म्हंजे आदिमाया मोठी. आधी ती, मग शिव. तुरेवाले म्हणतात शिव मोठा, आम्ही म्हणतो शक्ती. परंपराच हाय ती.

शकू : परंपरा हाय ना? प्रत्येक सामन्यात तुम्ही छाती ठोकून सांगता, बाईवाचून जग हललं न्हाय. कोण लिहून देतं ते? मी. न् तुम्ही ते गाऊन खाली उतरता न् पयला फोन पुसता. मला हसू येतं कधी कधी. परवा न्हाय आलं.

केसर : बोला की. शाहीर ना तुम्ही?

विठोबा : जरा गप बस केसर. वयनी, तो जवाब परत सांगा. पयली ओळ.

शकू : "शब्दांची रे बाळे माझ्या कुशीत जेव्हा निजली." गाऊन बघा. बसतो चालीत.

विठोबा : "शब्दांची रे बाळे माझ्या कुशीत जेव्हा निजली... कवी जाहला माय तयांची..."

केसर : पुढं? थांबलात का? आता तर चांगलं रंगात येत होतं.

विठोबा : मी होतो वयनी. मुलगी गेली त्या दिवशी मी घरीच होतो. दादाच्यात उठायचं बळ नव्हतं. परसातल्या माडापाशी खड्डा मीच काढला. तिला हातात घेऊन गेलो मी. एवढीशी... आणि त्या ओळीवर मी सभेत हात उडवून गायलो. नखरा केला. पदर सावरल्यासारखा केला.

शकू : बघितलं मी.

विठोबा : मला कळलं न्हाय.

शकू : तुम्हाला कसं कळणार? मी सांगितलं कुठं? म्हणून तर म्हणतेय, आता सांगा. माझं दुःख न्हाय सांगायचं. नाव सांगायचं. की ही ओळ बाईची हाय, न् ती बाई ही. बस.

विठोबा : हा तुमचा जवाब गोड हाय पण. लई गोड हाय. असा परत सुचायचा न्हाय.

शकू : मला माहीत हाय तो गोड हाय. मीच केलाय.

विठोबा : आणि खरा जो द्यायचा, तो कोण लिहिणार? तुम्हीच ना?

शकू : न्हाय.

विठोबा : मग?

शकू : तुम्ही.

विठोबा : मी? मी कधी दोन ओळी जुळवल्यात जन्मात?

केसर : लग्नात उखाणा पण आक्कानंच सांगितलेला. अजून पाठ हाय मला.

शकू : माझं नाव मीच लिहून तुमच्या तोंडात घालू, मग ते परत माझंच झालं की. त्यात तुम्ही कुठं आलात? सवाल तुम्हाला विचारलाय. जवाब तुम्ही द्या.

विठोबा : आवाज गेला असता तर बरं झालं असतं. रविवारी घसा बसला म्हणून सांगता आलं असतं.

केसर : मी काढा करून मोकळा करते घसा. खोटं बोलायचं न्हाय.

विठोबा : बरं. बरं! थांबा. चाल तीच ना? "मातेसमान वंदनीय माझी भावजय ती पूज्य..."

शकू : नाव कुठाय?

विठोबा : येतंय, येतंय. "थोर रावजी बंधू माझे, त्यांची अर्धांगी..."

शकू : दादांचं नाव झालं. माझं कुठाय?

विठोबा : वयनी, आजवर तुमचं नाव मी तोंडानं घेतलेलं न्हाय. आईच्या जागी मानलं तुम्हाला. आईचं नाव कोण घेतं का?

केसर : माझं तरी कुठं घेता? चारचौघांत "अगं ए" वरच संसार झाला.

शकू : तुमचा मान मला कळतो भावजी. पण त्या मानाखाली माझं नावच हरवलं. लॉजवाले भाकरीवाल्या मावशी म्हणतात. गावात रावजीची बायको. तुम्ही वयनी, ही आक्का. माझ्या आई-बापानं ठेवलेलं एक नाव हाय. ते एकदा माईकवरनं ऐकू दे मला.

विठोबा : शकुंतलाबाई म्हणू?

शकू : शकुंतला कोण? शकू. घरी तेच म्हणायचे. पुढं बाई नको, मागं कुणाची बायको नको.

विठोबा : श... शकू. बघा, जीभ वळत न्हाय. हां. "चोळी माझी न्हाय ओंकारा, शकूची ती भिजली..." चाललं काय?

केसर : चाललं! पुढं.

विठोबा : "तान्ही लेक तिची गेली..."

शकू : न्हाय. ती न्हाय. ती सभेत द्यायची न्हाय. ती माझी.

विठोबा : चुकलो. काढली. मग... "चोळी माझी न्हाय ओंकारा, शकूची ती भिजली. तिनंच सारी गाणी केली, मी ती फक्त म्हटली."

केसर : अगं बाई!

विठोबा : झालं. एवढंच येतंय मला. पण वयनी, "भिजली"ला "म्हटली" जुळत न्हाय. मधी ठेचकाळतंय पण. एकदा तुमचा हात फिरवा त्याच्यावरनं. जरासाच. शेवटचा शब्द तेवढा.

शकू : न्हाय.

विठोबा : लोक म्हणतील, हा कसला जवाब. साध्या बोलण्यासारखा.

शकू : म्हणू दे. ते कडवं तुमचं हाय भावजी. त्याला मी हात लावायची न्हाय.

विठोबा : तो ओंकार हसेल.

शकू : हसू दे, त्याचा कान चांगलाय, ऐकेल पण. म्हणा परत. उभं ऱ्हावून म्हणा. नाव येतं तिथं आवाज खाली जातोय तुमचा.